उरलेलं द्रावण

हेमंत गुरुजींच्या खालच्या खाचरातलं भात कापणीला आलं आणि त्याच आठवड्यात आभाळ भरून राहिलं. दिवाळीला बारा दिवस होते. कापलेलं भात दोन दिवस उन्हात पडलं पाहिजे, मगच त्याचे भारे बांधता येतात; आणि ऊन पडायचं ते दुपारी तासभर, तेही पातळ. गुरुजींची शाळा चालू होती. ते सकाळी बांधावर येऊन वर बघत, "लक्ष्या, होईल तेवढं उरक बाबा," म्हणत आणि मोटारसायकलवर बसून निघून जात.

लक्ष्याला स्वतःची जमीन नव्हती. त्याच्या बापालाही नव्हती. तो, त्याची बायको भागी आणि एकोणीस वर्षांची मुलगी टीना, अशी तिघं आठ दिवस या खाचरात वाकलेली होती. टीनाचा हात आईइतका चालायचा नाही, पण बापाच्या मागं ती राहायची नाही. भाताच्या पात्यांनी तिच्या बोटांची टोकं खरवडून निघाली होती. बुधवारी दुपारी विळा निसटला आणि डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला लागला. भागीनं बोट दाबून धरलं, दगडी पाल्याचा रस पिळला आणि पदराची चिंधी बांधली.

"खोल नाय," ती म्हणाली. "पण हाच हात लागतो ना गं तुझ्या परीक्षेला?"

"दोन्ही लागतात," टीना म्हणाली.

तेवढ्यात बांधावर मुकादम मंगेश आला. दिवाळी झाली की तो वांगणी गावातली माणसं भिवंडीकडच्या वीटभट्टीवर न्यायचा. बांधावर उकिडवं बसून त्यानं तंबाखू मळली.

"लक्ष्यादादा, गाडी भरतेय. तुमची दोन माणसं लिहू का तीन?"

लक्ष्यानं पाठ सरळ केली. पाठ सरळ व्हायला त्याला थोडा वेळ लागायचा. "शनवारी पोरीची परीक्षा हाय जव्हारला. पास झाली तं दोन. ती म्हातारीपाशी राहून पुढचं शिकेल. नाय तं तीन. रयवारी सांगतो."

"लेखी झाली म्हणं ना?"

"लेखी झाली. आता हातानं करायची हाय. त्यात नापास तं वर्ष परत."

"आन् एवढे दिवस कशानं करत होती?"

"फोनात," टीना म्हणाली. "बारा प्रयोग फोनात झाले."

मंगेश मोठ्यानं हसला. "फोनात विटा पाडता आल्या असत्या तं मी पण घरीच बसलो असतो की!"

लक्ष्याही हसला. टीनाला राग आला नाही, पण ती खाली वाकली आणि एका दमात तिनं भाताचे पुढचे चार चूड, चार मुठी, कापले.

टीना मुक्त विद्यापीठाचं विज्ञानाचं पहिलं वर्ष घरी बसून करत होती. वांगणीहून जव्हारच्या कॉलेजात रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं. धडे मोबाईलवर यायचे, प्रयोगही मोबाईलवरच. गावात रेंज नव्हती. वस्तीच्या वरच्या अंगाला एक काळा खडक होता, तिथं मिळायची. संध्याकाळी कामावरून आली की हातपाय धुऊन ती त्या खडकावर जाऊन बसायची.

त्या संध्याकाळी भागी फाट्या गोळा करून त्याच वाटेनं खाली येत होती. मोळी टेकवून ती लेकीच्या शेजारी बसली. मोबाईलच्या काचेवर दोन बाटल्या होत्या. डाव्या बाटलीत लाल आम्ल, उजव्या बाटलीत निळं अल्क, आम्लाला मारणारं. टीनानं उजव्या बाटलीवर बोट ठेवलं, तशी ती आपोआप उचलली गेली आणि ब्युरेट नावाच्या लांब नळीत निळं पाणी भरलं. मग खालच्या चंबूतल्या आम्लात एकेक थेंब पडू लागला. दहाव्या खुणेवर आम्ल संपलं तसा चंबू गुलाबी झाला आणि वर अक्षरं आली: शाब्बास, शंभर टक्के.

"ही बाटली सरत नाय?" भागीनं विचारलं.

"नाय सरत."

"आन् सांडलं तं?"

"सांडत पण नाय. चुकलं तं हे बटण दाबायचं. सगळं पहिल्यासारखं होतं."

भागी जरा वेळ बघत राहिली. "मंग शिकतंस कसं?" तिनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता, तिला खरंच कळलं नव्हतं.  टीनानं बटण दाबलं आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा शंभर टक्के आले.

परीक्षेआधी गुरुवार आणि शुक्रवार असे दोन दिवस जव्हारच्या अभ्यासकेंद्रात सराव होता. गुरुवारी आभाळ उघडलं, आणि उघडलेल्या दिवशी खाचर सोडून जाता येईना. टीना शुक्रवारी गेली. पहिल्या जीपमध्ये जागा नव्हती; दुसरीत ती मागं, कोंबड्यांच्या पाटीशेजारी बसली. जव्हारच्या डेपोपासून ती धावतच केंद्रावर पोचली, तरी अर्धा तास उशीर झालाच.

प्रयोगशाळा म्हणजे मागच्या बाजूची एक लांब खोली. खोलीला कसलासा आंबट वास होता, आणि तो टीनाला अगदी नवा होता. मोबाईलला वास नव्हता. आठ मुलं होती. चौघं चौघं करून हात चालवायचा, कारण चांगल्या ब्युरेट चारच. सगळ्यांवर प्रतिभा मॅडम होत्या, आणि बाटल्या, काचेची भांडी, स्टँड यांच्यावर रोहिदासकाका. ते तिथले शिपाई. दरवर्षी नव्यानं नेमणुकीचा कागद मिळणारे, पण सोळा वर्षं तीच खोली झाडणारे.

पहिल्याच कामाला टीना अडली. पिपेट म्हणजे काचेची बारीक नळी, तिनं मोजून दहा मिली आम्ल उचलायचं. मोबाईलवर बोट ठेवलं की उचललं जायचं. इथं तोंडानं ओढायचं होतं. तिनं जोरात ओढलं आणि सगळं जिभेवर आलं. ती खिडकीकडे धावली. थुंकताना मागून हसणं ऐकू आलं.

"कच्च्या चिंचेसारखं लागतं का गं?" शेजारच्या टेबलावरची योगिता म्हणाली. ती खोडाळ्याची, कारकुनाची मुलगी. गुरुवारी येऊन गेलेली असल्यानं तिचा हात बसला होता.

रोहिदासकाकांनी टीनाला पाण्याचा लोटा दिला. "चांगल्या चुळा भर. गिळलं नाहीस ना? मग घाबरू नकोस. ऊस चोखतो तसं ओढायचं नाही. हळू. आणि डोळा नळीवर ठेव."

दुसऱ्यांदा आम्ल बरोबर चढलं, पण वर बोट दाबून धरलं तरी ते खाली ओघळू लागलं. काकांनी तिचं बोट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"भात कापतेस?"

"हो."

"खरवडलेल्या बोटातून हवा जाते. जरासं ओलं कर. अगदी जरासं."

तिनं केलं, आणि नळीतलं पाणी जागच्या जागी थांबलं. तिच्या बोटाखाली ते थांबलं होतं. तिनं बोट किंचित सैल केलं, एक थेंब पडला, दाबलं, थांबलं. तिनं असं चारपाचदा केलं. खरं तर तेवढं करायची गरज नव्हती.

दुपारपर्यंत तिनं चंबूतल्या आम्लात रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे थेंब टाकून तीन वेळा प्रयोग केला. पहिल्या दोन्ही वेळा चंबू गुलाबीच्या पुढं जाऊन जांभळट लाल झाला. ब्युरेटचा कॉक, म्हणजे तिची तोटी, डाव्या हातानं फिरवायचा, त्या हाताच्या बोटाला चिंधी, आणि चिंधी ओली झाली की जखम चरचरायची. तिनं चिंधी सोडून टाकली. तिसऱ्या वेळी रंग आला तो इतका फिका, की चंबूखाली पांढरा कागद धरला तेव्हाच दिसला.

"हां," काका म्हणाले. एवढंच म्हणाले आणि दुसरीकडे गेले.

शनिवारी परीक्षा. पहिल्या चौघांत टीनाचा नंबर होता. आज टेबलावर दोन मोठ्या बाटल्या होत्या, एक आम्लाची, एक अल्काची. दोन्हींतलं द्रावण पाण्यासारखं स्वच्छ. काकांनी ज्याच्या त्याच्या बीकरमध्ये दोन्ही ओतून दिली आणि ते भांडी विसळायला मोरीवर गेले.

आज थेंब टीनाचं ऐकत होते. तिन्ही वेळा आकडा सारखा आला: दहा, दहा पूर्णांक एक, दहा. तिनं कागदावर लिहिलं. तिच्या बरोबरच्या तिघांचंही दहाच्या आसपासच आलं. मॅडम मागून बघून पुढं गेल्या, काही बोलल्या नाहीत; आणि मॅडम काही बोलल्या नाहीत तर ते चांगलं, एवढं तिला कालच कळलं होतं.

मग आवराआवर. तिच्या आम्लाच्या बीकरमध्ये निम्म्याहून जास्त आम्ल उरलं होतं. बाजूचा मुलगा त्याचं बीकर मोरीत रिकामं करून आला होता, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं बीकर उचललं, बाटल्यांच्या टेबलाशी गेली आणि डाव्या बाटलीत सांभाळून, एक थेंब न सांडता ते ओतून टाकलं. घरी असंच होतं. चिमणीतलं उरलेलं रॉकेल बाटलीत जायचं, तव्यावरचं तेल वाटीत, लांबून आणलेलं प्यायचं पाणी उरलं तर परत हंड्यात. चांगली वस्तू ओतून द्यायची, हे तिच्या हाताला माहीतच नव्हतं.

दुसरे चौघं उभे राहिले. योगिता त्यांत होती. अर्ध्या तासानं मॅडम तिच्या टेबलाशी थांबल्या.

"तेरा? परत कर."

योगितानं परत केलं. तेरा. पलीकडच्या मुलाचंही तेरा. चौघांचंही तेराच.

मॅडम चष्मा काढून बाटल्यांकडे आल्या. "रोहिदास, पहिल्यांचं दहा आणि यांचं तेरा कसं काय?"

"काल तर बरोबर होतं, मॅडम. तुमच्यासमोरच तपासलं."

"कालचं सोड. आज कमी पडेलसं वाटलं, म्हणून वरून पाणी घातलंस. खरं सांग."

"पाणी मी कशाला घालू, मॅडम?"

"मग काय हवेनं पातळ झालं? माझी सही आहे या परीक्षेवर. मला वर लिहावं लागेल."

कुणीतरी हसलं.  काकांनी खांद्यावरचं फडकं घेतलं आणि टेबल पुसायला लागले. टेबल स्वच्छच होतं. ते त्याच जागी पुन्हा पुन्हा पुसत होते.

टीना दाराशी बसली होती. तिची परीक्षा झाली होती, आकडे बरोबर आले होते, कागद मॅडमच्या हातात गेला होता. तिनं बाटल्यांकडे पाहिलं. डाव्या बाटलीवर कागदाची चिठ्ठी होती, शाई फुटलेली, तरी वाचता येत होती. अल्क. मोबाईलवर आम्ल नेहमी डावीकडे असायचं, लाल. इथं लाल काहीच नव्हतं.

तिचं आम्ल अल्कात गेलं होतं. बोलली नसती तर कुणाला कळलं नसतं. उद्या रविवार, मुकादम येणार होता. बापाला काय सांगायचं, ते तिनं सकाळपासून मनात घोळवलं होतं. पण काकांचं फडकं त्याच जागी फिरत होतं, आणि तिला ते बघवेना.

"मॅडम, काकांनी पाणी नाय घातलं," ती उठून म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मी ओतलं."

"काय ओतलंस?"

"आम्ल. माझं उरलेलं. परत बाटलीत घातलं. बाटली चुकली."

आम्लानं बाटलीतलं काही अल्क मारलं होतं, म्हणूनच ते जास्त लागत होतं. मॅडमनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "उरलेलं परत बाटलीत घालायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. उरलं होतं म्हणून."

"उरलेलं टाकून द्यायचं असतं!"

"टाकून?" टीना खरंच चकित झाली. "अर्ध्याच्या वर होतं, मॅडम. चांगलं होतं."

योगिता डोक्याला हात लावून स्टुलावर बसली. "तरी म्हटलं माझ्या हाताला काय झालं! मोबाईलवर शंभर टक्के घेतेस आणि इथं आमची चटणी करतेस व्हय गं?"

या वेळी सगळेच हसले, काका सोडून. मॅडमही ओठ दाबून खिडकीकडे वळल्या. वळल्या त्या जरा वेळानं परत फिरल्या, तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखा होता.

"रोहिदास," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "मी उगाच बोलले तुला." मग टीनाकडे वळून, "बरोबर बाटलीत घातलं असतंस तरी चूकच होती. एकदा बाहेर काढलेलं परत जात नाही. त्यात तुझ्या भांड्यातलं काय मिसळलंय, ते पुढच्याला कळत नाही. कळलं?"

"कळलं."

"तुझे आकडे बरोबर आहेत, पण मी धरणार नाही. आठही जणांचं परत घेते. नवीन द्रावण करायला किती वेळ, रोहिदास?"

"तासभर, मॅडम. कुणी हाताखाली असलं तर."

"ही आहे ना. ओतायची हौस आहे तिला."

बाकीची मुलं डबे सोडून व्हरांड्यात बसली. आत काका आणि टीना. अल्काचे पांढरे खडे तराजूत घालताना काका तिला घाई करत होते. "हात लावू नकोस, चमच्यानं घाल. लवकर लवकर. हवेतलं पाणी पितं हे. पावसाळ्यात गूळ सुटतो बघ, तसं." आणि खरंच, तिच्या डोळ्यांसमोर खडे ओलसर दिसायला लागले. पाण्यात टाकल्यावर बीकर गरम झालं. ती दचकली आणि मग दोन्ही तळवे काचेला लावून उभी राहिली. हे मोबाईलवर कुठंच लिहिलेलं नव्हतं. किंवा लिहिलेलं असेलही, पण वाचून तळवे तापत नाहीत.

"काका, तुम्हाला राग आला असंल."

"मला?" काका बाटलीवर नवी चिठ्ठी डकवत होते. मोठ्या अक्षरांत, पेन्सिलीनं. "सोळा वर्षांत इथं किती जणांनी काय काय केलं, पण मीच केलं म्हणून सांगणारं कुणी आठवत नाही. जा, हात धू. साबणानं धू."

दुपारी तीन वाजता मॅडमनी सगळ्यांना गोळा केलं. "एक सांगते. हे द्रावण घाईत झालंय. याची तीव्रता तपासायला वेळ नाही. म्हणजे आकडा किती यायला पाहिजे, ते आता मलाही माहीत नाही. रोहिदासलाही नाही. शेजाऱ्याच्या कागदात बघायचं नाही. आला तो लिहायचा."

मुलं एकमेकांकडे पाहायला लागली. आतापर्यंत दहा यायला पाहिजे म्हणून सगळ्यांनी दहाच्या जवळ हात आखडता घेतला होता. टीनानंही घेतला होता. आता आखडायला जागाच नव्हती. तिनं ब्युरेट विसळली, भरली, पांढरा कागद चंबूखाली ठेवला. आठच्या पुढं ती एकेका थेंबावर आली. नवाच्या पुढं दोन थेंबांमध्ये श्वास घ्यायला थांबू लागली. एक थेंब पडला, गुलाबी ढग उठला आणि हलवल्यावर विरला. आणखी एक, तोही विरला. त्यापुढचा विरला नाही.

नऊ पूर्णांक सहा. दुसऱ्यांदा नऊ पूर्णांक सहा. तिसऱ्यांदा नऊ पूर्णांक सात. तिला सहा लिहावंसं वाटलं. तिनं सात लिहिलं.

उरलेलं आम्ल तिनं मोरीत ओतलं. ओतताना तिनं दुसरीकडे पाहिलं.

मॅडमनी आठ कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. नऊ सहा, नऊ सात, नऊ सहा, योगिताचं नऊ पाच. आठही जण एकमेकांच्या दोन-चार थेंबांच्या आत होते. मॅडमनी आठही कागदांवर सही केली. मग त्यांनी टीनाला दोन प्रश्न विचारले. ब्युरेट आधी पाण्यानं आणि मग द्रावणानं का विसळायची, हे तिला आलं. दुसरा प्रश्न अर्धा आला.

निघताना ती दाराशी घोटाळली. "मॅडम, निकाल..."

"निकाल विद्यापीठ लावतं. मी सांगू शकत नाही." मॅडम पाकिटावर लाख लावत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "दुसऱ्या वर्षाच्या फॉर्मला दोन फोटो लागतात. आजच काढून घे डेपोसमोर. परत खेप कशाला मारतेस?"

फोटो काढून ती शेवटच्या जीपनं परत आली, तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. लक्ष्या पायरीवर विळ्याला धार लावत होता. टीनाची आजी, म्हातारी गोजाबाई, चुलीपाशी होती. टीनानं सगळं सांगितलं, चुकीसकट. लक्ष्यानं फोटो हातात घेऊन उजेडाकडे धरले आणि परत दिले.

"चांगला आलाय," तो म्हणाला. "केस इंचरायला पायजेल होते."

भागीला मात्र एकच गोष्ट पटत नव्हती. "अर्ध्याच्या वर होतं आन् मोरीत? आन् याला शिक्षण म्हणतात?"

"आई, शिस्त असते ती."

"असंल बाई. गुरुजींच्या घरी पण उरलेलं गटारात घालतात. शिकलेली ती."

गोजाबाई तोंडाला पदर लावून हसली.

रविवारी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. मंगेश बांधावर आला तेव्हा तिघं कापलेल्या भाताचे भारे बांधत होती. लक्ष्यानं दोन बोटं वर केली. मंगेशनं वहीत लिहिलं, टीनाकडे पाहून, "मंग आम्ही हातानं पाडतो विटा, तू पाड फोनात," म्हणाला आणि पुढच्या खाचराकडे गेला.

भागी बंध आवळत होती. गुडघ्यानं भारा दाबून तिनं पीळ दिला आणि टोक आत खोचलं. मग अचानक थांबून म्हणाली, "टीने, कालचं एक नाय कळलं. बाईला पण उत्तर माहीत नव्हतं म्हणलीस. मंग तुझं बरोबर, हे तिला कळलं कसं?"

"सगळ्यांचं सारखं आलं ना, आई. आठ जणांचं."

"आन् आठी जण सारखेच चुकले असते तं?"

टीना हातातला चूड तसाच धरून उभी राहिली. ती मोठ्यानं विचार करू लागली, अर्ध्यावर थांबली, पुन्हा पहिल्यापासून लागली आणि हसायला लागली.

"मग नवव्यानं करून बघायचं," ती म्हणाली.

"हां," भागी म्हणाली. "आता तो भारा इकडं दे. ऊन हाय तवर."